औंधचे चित्रप्रेमी राजे

सुप्याहून सहल निघावयाची म्हटली की विद्यार्थ्यांच्या तोंडी पुणे आणि मुंबई हीच नावे येतात. चित्रे पाहावयाची तर मोठ्या शहरीच गेले पाहिजे, अशी आमचीही समजूत होती. सातारा जिल्ह्यातील औंध पाहिल्यावर ती पालटली. तेथे यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे. ते उभारणाऱ्या पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ साली झाला. राजकुळात जन्मूनही ते बी. ए. झाले आणि १९०९ साली गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे ते कट्टे पुरस्कर्ते होते (कवायतीस कंटाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे!), कीर्तनही करीत, परंतु त्यांचा खरा जीव चित्रकलेत. ते स्वतः कुंचला धरीत. रामायणातील प्रसंगांची त्यांची चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भांडारकर संस्थेच्या महाभारतास त्यांनी एक लक्ष रुपयांचे साह्य देऊ केले व त्यासाठी चित्रेही काढली. चित्रकारांना बरोबर घेऊन अजिंठ्यास गेले आणि भित्तिचित्रांच्या नकला करविल्या.

संस्थान मात्र लहान, आणि त्यात आटपाडीसारखा माणदेशचा दुष्काळी मुलूख. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या प्रजेच्या राजाने चित्रे विकत घ्यावी काय, हा प्रश्न पारनेर तालुक्यातील पालकांच्या मनात उठल्यावाचून राहणार नाही. आमच्याही मनात तो उठला, आणि अद्याप पुरता शमला आहे असे म्हणवत नाही. तथापि एवढे खरे की, बाळासाहेबांनी आपला संग्रह वाड्यात कोंडून ठेविला नाही. १९३८ साली डोंगरावर खास इमारत बांधून तो तेथे मांडला. उजेड वरून असा घेतला आहे की चित्रावर पाहणाऱ्याची सावली पडू नये. रविवर्मा आणि धुरंधर यांच्या कृती तेथे आहेत, तसेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक यांचे शिल्पही आहे. देवीच्या दर्शनास आलेला शेतकरी जाता जाता हे सर्व पाहू शके.

सत्तेच्या बाबतीतही त्यांची वृत्ती अशीच. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. १९४८ साली संस्थान विलीन झाले; १९५१ साली बाळासाहेब निवर्तले. संग्रहालय पुढे सरकारकडे आले.

आमची मुले मूर यांच्या शिल्पापाशी सर्वांत अधिक वेळ रेंगाळली. त्यातली आई कोणती, हे त्यांना कोणास विचारावे लागले नाही.