पदवीनंतर सुरू झालेले शिक्षण : डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याच्या पहिल्या वर्गात बसलेला एक विद्यार्थी त्याआधी एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होता. हातची नोकरी सोडून तो पुन्हा बाकावर येऊन बसला होता. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्याचे नाव. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना डॉ. भाऊ दाजी म्हणून ओळखू लागला.

भाऊंचा जन्म १८२२ चा, गोव्यातील पेडणे भागातल्या मांद्रे गावचा. घरची परिस्थिती बेताची होती. पोटासाठी कुटुंब मुंबईला आले. बुद्धिबळातली मुलाची चमक पाहून एका इंग्रज साहेबाने वडिलांना सल्ला दिला, की याला इंग्रजी शिकवा. मुलगा शिकला. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्याने लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले आणि पुढे शिक्षकाची नोकरीही.

१८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. अवघे आठ जण होते, त्यांत भाऊ एक. त्या काळी आपल्याकडे डॉक्टरांची सरकारी नोंदणी नव्हती. मुंबई प्रांतात तसा कायदा झाला तो १९१२ साली. म्हणजे भाऊंनी दवाखाना उघडल्यावर त्यांच्या ज्ञानाची विचारपूस करणारे कोणतेही मंडळ नव्हते. शिकणे तिथेच थांबवले असते, तरी व्यवसायात काही कमी पडले नसते.

ते थांबले नाहीत. भाऊ नारायण दाजी यांच्या साथीने त्यांनी वैद्यकी चालवली, गरिबांना मोफत औषध दिले. दुसरीकडे संस्कृतातील वैद्यकग्रंथ वाचायला घेतले. जुन्या ग्रंथांत ज्या वनस्पतींचे मोठे गुण सांगितले आहेत, ते खरे की नुसते ऐकीव, हे रुग्णांवर वापरून पाहायचे त्यांनी ठरवले. आधुनिक शिक्षण घेतलेल्या डॉक्टराने देशी औषधांकडे ना आंधळ्या श्रद्धेने, ना तुच्छतेने पाहणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

हीच चिकित्सक सवय त्यांनी इतिहासातही नेली. मराठवाड्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे अजिंठा. तिथल्या लेण्यांतील शिलालेखांवर भाऊंनी संशोधन केले. शिलालेखांच्या नकला काढण्यासाठी त्यांनी पंडित भगवानलाल इंद्रजी यांना देशभर फिरवले. आर्यभट, वराहमिहिर, भास्कराचार्य यांच्या काळाविषयीचा त्यांचा लेख १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. हे सारे रुग्ण तपासता तपासता चालले होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये ते होते. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

डॉक्टर म्हणून मात्र त्यांची कसोटी लागली ती कुष्ठरोगात. तेव्हा या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. रुग्णाला घरदार सोडावे लागे. भाऊंच्या औषधाने गुण येतो अशी कीर्ती पसरली आणि रुग्णांची रीघ लागली. त्या औषधात कडू कवठाच्या बियांचे तेल मुख्य असावे, असे मानले जाते. हे झाड कोकण-गोव्याकडच्या जंगलांत आढळते आणि कुष्ठरोगावर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या चौलमोगऱ्याच्या जातकुळीतले आहे.

पण औषध काय आहे, हे भाऊंनी आपल्या हयातीत व्यवसायबंधूंपुढे पूर्णपणे मांडले नाही. त्यावर टीका झाली आणि ती गैरवाजवी नव्हती. कुष्ठरोगाचे चट्टे कधी आपोआप फिके होतात, कधी पुन्हा उसळतात. त्यामुळे औषधाने गुण आला की रोगाच्या चढउतारामुळे, हे एकट्या डॉक्टरला ठरवता येत नाही. मात्रा किती, किती महिने दिले, कोणाला त्रास झाला, किती जणांचा रोग उलटला, हे इतरांनी पडताळावे लागते. शिलालेखाचे वाचन छापून विद्वानांपुढे ठेवणारे भाऊ याबाबतीत हात राखून राहिले. ३१ मे १८७४ रोजी ते गेले आणि ती पडताळणी राहून गेली.

त्याच सुमारास, १८७३ मध्ये, नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले होते. पुढे चौलमोगऱ्याचे तेल जगभर वापरले गेले. १९४० च्या दशकात डॅप्सोनसारखी सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८० च्या दशकात एकाच वेळी अनेक औषधे देणारी बहुविध औषधोपचार पद्धत आली. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो आणि त्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर तो लपवण्याचे कारण उरलेले नाही.

म्हणजे १९३५ साली पदवी घेतलेल्या डॉक्टरच्या हयातीतच या एका रोगाचा इलाज दोनदा बदलला. पदवी तीच राहिली. जो नवे शिकला नसेल, त्याचा रुग्ण जुन्याच तेलावर राहिला असेल आणि बोटे वाकडी होऊन बसला असेल.

म्हणूनच आता शिकत राहणे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेले नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त परिषदा, कार्यशाळांतून ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. अमेरिकेत मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांनाही परवाना टिकवण्यासाठी अशाच शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. सहीपुरती हजेरी लावून गुण गोळा करता येतात, ही तक्रार खरी आहे. पण चार व्यवसायबंधूंत बसून आपला रुग्ण, आपली चूक, आपले औषध मांडण्याची जागा त्या निमित्ताने मिळते. भाऊंच्या औषधाला नेमकी हीच जागा मिळाली नाही.

लातूर असो की नांदेड, दवाखान्याच्या भिंतीवरचे नोंदणी प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे रुग्णाने पाहायला हरकत नाही. त्यात डॉक्टरचा अपमान नाही. आणि तुमच्या डॉक्टरांनी परिषदेसाठी दोन दिवस दवाखाना बंद ठेवला, तर कुरकुर करू नका. तिथून येताना ते तुमच्याच उपयोगाचे काही घेऊन येण्याची शक्यता आहे.