लुसी विल्स

लुसी विल्स (१० मे १८८८ – २६ एप्रिल १९६४) या इंग्रज वैद्यक संशोधक व रक्तविज्ञानतज्ज्ञ होत्या. गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका प्राणघातक पांडुरोगाचा (रक्तक्षयाचा) अभ्यास त्यांनी १९२८ पासून मुंबईत केला. यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात उपयुक्त द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ हे नाव मिळाले. हे द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व होय. गरोदरपणात आज जगभर दिल्या जाणाऱ्या फॉलिक आम्लाच्या गोळीचा इतिहास विल्स यांच्या मुंबईतील कामापासून सुरू होतो. लंडनमधील रॉयल फ्री या अध्यापन रुग्णालयाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता.

जन्म आणि शिक्षण

विल्स यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घरात विज्ञानाची आवड होती. त्यांचे बंधू लेनर्ड विल्स पुढे भूवैज्ञानिक म्हणून ख्यातनाम झाले. चेल्टनहॅम येथे शालेय शिक्षण घेतल्यानंतर १९०७ मध्ये लुसी यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे वनस्पतिविज्ञान व भूविज्ञान हे त्यांचे विषय होते. १९११ मध्ये त्या अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्या, मात्र त्यांना पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पण पदवी देत नसे. ही पद्धत १९४८ पर्यंत चालू राहिली.

१९११ मध्ये त्यांच्या वडिलांचे आणि १९१३ मध्ये थोरल्या बहिणीचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी आईसमवेत श्रीलंकेचा (तेव्हाचे सिलोन) आणि १९१४ मध्ये एका भावासमवेत दक्षिण आफ्रिकेचा प्रवास केला. त्या दक्षिण आफ्रिकेत असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. केप टाउनमधील रुग्णालयात त्यांनी काही काळ स्वयंसेविका म्हणून परिचर्येचे काम केले. इंग्लंडला परतल्यावर १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यक विद्यालयात नाव नोंदवले. १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना लंडन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली.

रॉयल फ्री रुग्णालय

रॉयल फ्री हे या विद्यालयाशी जोडलेले अध्यापन रुग्णालय होते. १८७७ पासून तेथे विद्यार्थिनींना रुग्णांजवळ प्रत्यक्ष शिक्षण घेण्याची मुभा होती आणि अशी मुभा देणारे ते लंडनमधील पहिले रुग्णालय ठरले. पदवी मिळाल्यावर विल्स यांनी खासगी व्यवसायाऐवजी या रुग्णालयात संशोधन व अध्यापन करण्याचा मार्ग निवडला. क्रिस्टीन पिलमन यांच्यासमवेत त्यांनी गरोदरपणातील चयापचयाचा अभ्यास सुरू केला.

हा विषय कोणत्याही एका विभागात मावणारा नव्हता. गरोदर स्त्री प्रसूती विभागाच्या देखरेखीखाली असे, तर तिच्या रक्त-लघवीची तपासणी विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होई. खाटेवरील रुग्णाची स्थिती आणि प्रयोगशाळेतील मोजमाप शेजारी ठेवून पाहण्याची सवय विल्स यांना येथेच लागली. मुंबईतील कामात या जोडीला त्यांनी तिसरी गोष्ट जोडली: रुग्णाचे रोजचे जेवण.

मुंबईतील संशोधन

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतात गरोदर स्त्रियांमध्ये तीव्र पांडुरोग मोठ्या प्रमाणावर आढळत असे. या विकारात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या फार घटे आणि उरलेल्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. प्रसूतीच्या सुमारास अनेक स्त्रिया त्यामुळे दगावत. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता हा विकार मारक पांडुरोगासारखा दिसे. म्हणून त्याला ‘गरोदरपणातील मारक पांडुरोग’ असे म्हटले जाई. कारण मात्र ठाऊक नव्हते.

भारतातील मातामृत्यूंच्या चौकशीत गुंतलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी १९२८ मध्ये विल्स यांना या कामासाठी बोलावले. लेडी टाटा स्मारक निधीने अर्थसाहाय्य केले. परळ येथील हाफकिन संस्था हे विल्स यांचे मुख्य कार्यस्थान ठरले. पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान असलेल्या या वास्तूच्या भोवताली कापड गिरण्यांची वस्ती पसरलेली होती, आणि विकाराचे बळी प्रामुख्याने कष्टकरी व गरीब वर्गातील होते.

विल्स यांनी प्रथम संसर्गाची शक्यता तपासली. रुग्णांच्या मलाच्या तपासणीत रोगाला कारण ठरावा असा जंतू सापडला नाही. मग त्यांनी आहाराकडे लक्ष वळवले. डॉ. मेहता यांच्यासह लिहिलेला प्राथमिक अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व आरोग्यविषयक परिस्थितीची पाहणी प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या समाजांतील व आर्थिक स्तरांतील स्त्रिया काय खातात, याची रुग्णसंख्येशी तुलना केली असता संबंध स्पष्ट दिसला. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात विकार सर्वाधिक होता. गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये आहारातील उणीव व विकाराचे प्रमाण या दोन्ही गोष्टी ठळकपणे आढळल्या. सुस्थितीतील स्त्रियांमध्ये मात्र हा विकार क्वचितच दिसे.

प्राण्यांवरील प्रयोग

पाहणीतून मिळालेल्या सुगाव्याची खात्री करण्यासाठी विल्स यांनी मुंबईतील गरीब स्त्रियांच्या जेवणाशी मिळताजुळता आहार उंदरांना दिला. गाभण उंदरांमध्ये पांडुरोग उद्भवला आणि आहारात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. मात्र पुढे असे लक्षात आले की, उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला या जंतूच्या संसर्गानेही उंदरांना पांडुरोग होतो. त्यामुळे उंदरांवरील निष्कर्ष संशयास्पद ठरले. विल्स यांनी ते प्रयोग बाजूला ठेवून ऱ्हीसस माकडांवर नव्याने काम सुरू केले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांमध्ये मोठ्या पेशींचा पांडुरोग निर्माण होतो, हे त्यांनी बिलिमोरिया यांच्यासह १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. या काळात त्यांनी कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत आणि मद्रासमधील स्त्रियांच्या रुग्णालयातही काही महिने काम केले.

यीस्टच्या अर्काचा उपचार

माकडांवरील प्रयोगांच्या काळात अत्यवस्थ झालेल्या एका माकडाला, इतर उपाय थकल्यावर, मार्माइट देण्यात आले. मार्माइट हा यीस्टपासून बनवलेला काळसर, खारट लगदा असून इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात. बीअरच्या कारखान्यांत उरलेल्या यीस्टपासून तो तयार होत असल्याने स्वस्त होता. या माकडात झपाट्याने सुधारणा झाली. त्यानंतर हाच उपचार रुग्ण स्त्रियांना देण्यात आला.

उपचाराचा परिणाम रक्तातील कोवळ्या तांबड्या पेशी मोजून ठरवला जाई. अस्थिमज्जा पुन्हा नीट काम करू लागली की, या पेशींची संख्या काही दिवसांतच एकदम वाढते. त्यामुळे प्रत्येक रुग्णाची उपचारापूर्वीची व नंतरची स्थिती आकड्यांत मांडता येत होती. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रोगाचे नेमके रासायनिक कारण अज्ञात असतानाच, गरीब रुग्णांना परवडेल असा उपचार त्यामुळे उपलब्ध झाला.

मारक पांडुरोगाहून वेगळेपण

अमेरिकेतील जॉर्ज मायनट व विल्यम मर्फी यांनी १९२६ मध्ये मारक पांडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपचार शोधला होता. पुढे यकृताचे अधिकाधिक शुद्ध केलेले अर्क बाजारात आले. मुंबईतील रुग्ण यकृताच्या कच्च्या अर्काने बरे होत, मात्र शुद्ध अर्काचा त्यांना उपयोग होत नसे. मारक पांडुरोगाच्या रुग्णांना मात्र शुद्ध अर्कच पुरेसा होता. म्हणजे शुद्धीकरण करताना जे द्रव्य वगळले जात होते, तेच मुंबईतील स्त्रियांना हवे होते. माकडांवरील प्रयोगांतून विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये याला पुष्टी दिली.

विल्स १९३३ मध्ये इंग्लंडला परतल्या होत्या. नोव्हेंबर १९३७ ते जानेवारी १९३८ या काळात त्या पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. या वेळी त्यांनी विमानाने प्रवास केला. उष्ण प्रदेशातील मोठ्या पेशींचा पांडुरोग आणि मारक पांडुरोग यांच्यातील संबंधाविषयीचा त्यांचा व बार्बरा इव्हान्स यांचा लेख १९३८ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. रक्तात सारख्या दिसणाऱ्या दोन विकारांमागे दोन वेगळ्या द्रव्यांची उणीव आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात विल्स यांनी आपत्कालीन वैद्यकीय सेवेत विकृतिविज्ञानतज्ज्ञ म्हणून काम केले. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडला. त्यात जीवितहानी झाली आणि विकृतिविज्ञान विभागाचे काम काही दिवस विस्कळीत झाले. युद्ध संपेपर्यंत विल्स या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि रुग्णालयातील पहिला रक्तविज्ञान विभागही त्यांनी उभारला होता. शिधावाटप व नियमित दिले जाणारे लोह यांचा गरोदर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, याविषयी सहकाऱ्यांसह केलेला त्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला.

विल्स घटकाची ओळख

याच सुमारास अनेक प्रयोगशाळा स्वतंत्रपणे एकाच द्रव्याच्या मागावर होत्या. माकडांच्या, कोंबडीच्या पिल्लांच्या आणि जिवाणूंच्या वाढीसाठी आवश्यक अशी निरनिराळ्या नावांची द्रव्ये वर्णन केली जात होती. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. लेडर्ली प्रयोगशाळेत, मूळचे आंध्रातील शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते कृत्रिम रीतीने तयार केले. मारक पांडुरोगात उणे असलेले ब-१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे करण्यात आले. अशा रीतीने विल्स यांनी मुंबईत दाखवलेल्या फरकाला रासायनिक अर्थ मिळाला.

पेशीविभाजनापूर्वी डीएनए तयार होण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ते अपुरे पडले, तर अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, पण वेळेवर विभागल्या जात नाहीत. त्यामुळे रक्तातील पेशी थोड्या आणि मोठ्या होतात. गर्भाच्या वाढीमुळे गरोदरपणात या जीवनसत्त्वाची गरज वाढते. पालेभाज्या, कडधान्ये व यकृत यांत ते असते, मात्र अन्न फार वेळ शिजवल्यास त्याचा बराचसा भाग नष्ट होतो.

उत्तरायुष्य

१९४७ मध्ये विल्स रॉयल फ्री रुग्णालयातून निवृत्त झाल्या. त्यानंतरही त्यांनी जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे जाऊन पोषण व पांडुरोग यांविषयी काम केले. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्या लंडनमधील चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्या अविवाहित होत्या. २६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

महत्त्व आणि वारसा

फॉलिक आम्लाच्या रचनेत बदल करून बनवलेल्या विरोधी औषधाने सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये बॉस्टन येथे रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त बालकांमध्ये तात्पुरती सुधारणा घडवून आणली. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या गर्भाला मज्जारज्जूचे जन्मजात व्यंग असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक आम्ल घेतल्यास ते व्यंग पुन्हा उद्भवण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. १९९८ पासून अमेरिकेत धान्यपिठांत फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे झाले.

भारतात १९७० मध्ये राष्ट्रीय पोषणजन्य पांडुरोग प्रतिबंधक कार्यक्रम सुरू झाला. आज शासकीय आरोग्य केंद्रांतून गरोदर स्त्रियांना ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी किमान १८० दिवस दिली जाते.

विल्स यांच्या संशोधनातून उपचार सापडला, तसेच त्याची मर्यादाही दिसून आली. अर्काने रुग्ण बरी होई, पण ज्या जेवणामुळे ती आजारी पडली तेच जेवण घरी तिची वाट पाहत असे. गरोदर स्त्रियांमधील पांडुरोग भारतात अद्याप मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याचे सर्वांत सामान्य कारण आज लोहाची उणीव हे असले, तरी दारिद्र्य व निकृष्ट आहाराशी असलेला त्याचा संबंध विल्स यांच्या पाहणीत दिसला होता तसाच कायम आहे.

त्यांच्या १३१ व्या जयंतीनिमित्त १० मे २०१९ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले होते.