विश्लेषण : पिस्तुलात गोळी का अडकते? हे कोडे सोडवणारे जॉन ब्राउनिंग कोण होते?

एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडायच्या. तापले तर पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू करायचे. अमेरिकी सैन्याने १९१०-११ मध्ये घेतलेल्या या चाचणीत सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल ३७ वेळा अडखळले. कोल्ट कंपनीचे पिस्तूल एकदाही अडखळले नाही. त्याचे रचनाकार होते जॉन मोझेस ब्राउनिंग.

दुकानातून कारखान्यापर्यंत

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी झाला. वडील जोनाथन बंदुका बनवत आणि दुरुस्त करत. लोकांच्या नादुरुस्त बंदुका हीच जॉन यांची शाळा ठरली. १८७९ मध्ये त्यांना पहिले पेटंट मिळाले. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्यांच्या रायफलचे हक्क ८,००० डॉलरना विकत घेतले.

१८८९ च्या सुमारास बंदूक झाडताना नळीसमोरचे गवत वायूच्या झोताने वाकल्याचे त्यांनी पाहिले. ही वाया जाणारी शक्ती बंदुकीत पुढची गोळी भरण्यासाठी का वापरू नये, या विचारातून त्यांची मशीनगन घडली. पिस्तुलासाठी मात्र त्यांनी वायूऐवजी गोळी सुटताना मागे बसणारा धक्का कामाला लावला.

नेमके कुठे अडते?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटताच वरची स्लाइड मागे जाते. एक्स्ट्रॅक्टर नावाची आकडी रिकामी पुंगळी ओढून काढते आणि ती बाहेर फेकली जाते. मग स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येते, मॅगझिनमधले सर्वात वरचे काडतूस ढकलते आणि ते छोट्या उतारावरून, म्हणजे फीड रॅम्पवरून, नळीत शिरते. हे सारे क्षणार्धात घडते. यातला एक दुवा चुकला की पिस्तूल 'जाम'.

कारणे बहुतेकदा साधीच असतात :

- मॅगझिनची स्प्रिंग सैल झाली, तर काडतूस वेळेत वर येत नाही.
- मॅगझिनच्या तोंडाच्या कडा वाकल्या, तर काडतूस चुकीच्या कोनात सुटते.
- रॅम्पवर मळ साचला, तर काडतुसाचे टोक तिथेच अडते.
- आकडीचा ताण बिघडला किंवा स्लाइडची स्प्रिंग थकली, तर स्लाइड पूर्ण बंद होत नाही.

म्हणूनच जाणकार आधी मॅगझिन बदलून पाहतात. मॅगझिन बदलताच अडथळा थांबला, तर दोष पिस्तुलात नसून मॅगझिनमध्ये असतो.

गोळीचा आकारही महत्त्वाचा. ब्राउनिंग यांची रचना गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी होती. पुढे पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या, तेव्हा जुन्या पिस्तुलांत त्या रॅम्पवर अडू लागल्या.

न अडण्याची किंमत

२९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने हे पिस्तूल स्वीकारले. 'एम १९११' या नावाने ते १९८५ पर्यंत सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. ऐन लढाईत हत्यार दगा देणार नाही, हा सैनिकासाठी मोठा आधार होता.

पण हत्यार कुणाच्या हातात जाईल, हे रचनाकार ठरवत नाही. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. ते पिस्तूलही ब्राउनिंग यांच्याच रचनेचे, बेल्जियमच्या एफएन कंपनीने बनवलेले होते. ते अडकले नाही. दोघेही मरण पावले आणि काही आठवड्यांतच पहिले महायुद्ध पेटले.

भारताशी नाते

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील लिएजजवळ, एफएनच्या कारखान्यात काम करतानाच हृदयविकाराने ब्राउनिंग यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या नावावर १२८ पेटंट होती. त्यांचे अखेरचे पिस्तूल अपुरेच राहिले होते. ते दियुदोने सैव्ह यांनी पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते 'हाय-पॉवर' म्हणून आले. त्याच्या मॅगझिनमध्ये काडतुसे दोन रांगांत बसतात, पण वर एकेकच येते. त्यामुळे १३ गोळ्या मावतात.

याच रचनेवर आधारलेले ९ मिमी पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्यात तयार होऊ लागले आणि भारतीय सैन्याच्या हाती आले.