जॉन वेस्ली पॉवेल

जॉन वेस्ली पॉवेल (२४ मार्च, इ.स. १८३४ - २३ सप्टेंबर, इ.स. १९०२) हे अमेरिकन भूवैज्ञानिक, शोधप्रवासी, मानववंशशास्त्रज्ञ आणि प्रशासक होते. इ.स. १८६९ मध्ये कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन पार करणाऱ्या पहिल्या ज्ञात वैज्ञानिक मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. पुढे ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे (युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे) दुसरे संचालक झाले. पश्चिम अमेरिकेत जमीन विपुल असली तरी पाणी मर्यादित आहे, त्यामुळे तेथील वस्ती, शेती आणि कायदे पाण्याच्या हिशेबाने आखले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हयातीत हा विचार बहुतांशी नाकारला गेला.

प्रारंभिक जीवन

पॉवेल यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील माउंट मॉरिस येथे झाला. त्यांचे वडील जोसेफ पॉवेल हे इंग्लंडहून आलेले मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे विरोधक होते. कुटुंब ओहायो राज्यातील जॅक्सन येथे राहत असताना वडिलांच्या या मतांमुळे शाळेतील मुले लहानग्या जॉनवर दगडफेक करीत. त्यामुळे त्यांना शाळेतून काढून जॉर्ज क्रुकहॅम या शेजाऱ्याकडे शिकण्यासाठी पाठवण्यात आले. क्रुकहॅम हे स्वयंशिक्षित निसर्गअभ्यासक होते. त्यांच्या सहवासात पॉवेल यांना वनस्पती, खडक आणि जीवाश्म यांची गोडी लागली.

पुढे कुटुंब विस्कॉन्सिन आणि नंतर इलिनॉय येथे स्थायिक झाले. वडील धर्मप्रसारासाठी फिरतीवर असल्याने शेतीचा भार किशोरवयीन जॉनवर पडला. त्यांनी इलिनॉय कॉलेज, व्हीटन आणि ओबर्लिन येथे काही काळ शिक्षण घेतले. परंतु पदवी पूर्ण केली नाही. शाळाशिक्षक म्हणून काम करीत असतानाच त्यांनी मिसिसिपी, ओहायो आणि इलिनॉय या नद्यांतून नावेने लांबचे प्रवास केले व नमुने गोळा केले.

यादवी युद्ध

इ.स. १८६१ मध्ये अमेरिकन यादवी युद्ध सुरू होताच पॉवेल इलिनॉयच्या २० व्या पायदळ पलटणीत शिपाई म्हणून दाखल झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह एमा डीन यांच्याशी झाला. ६ एप्रिल, इ.स. १८६२ रोजी शायलोच्या लढाईत तोफखान्याच्या एका तुकडीचे नेतृत्व करीत असताना त्यांच्या उजव्या मनगटात गोळी शिरली आणि तो हात कोपराखाली कापून टाकावा लागला. या जखमेच्या वेदना त्यांना आयुष्यभर राहिल्या. तरीही ते सैन्यात परतले आणि व्हिक्सबर्गच्या वेढ्यात सहभागी झाले. युद्धानंतर ते 'मेजर' या नावानेच ओळखले जात.

इ.स. १८६५ मध्ये ते ब्लूमिंग्टन येथील इलिनॉय वेस्लियन विद्यापीठात प्राध्यापक झाले. इ.स. १८६७ आणि १८६८ मध्ये त्यांनी विद्यार्थी व सहकाऱ्यांसह रॉकी पर्वतात अभ्यासमोहिमा नेल्या. या काळातच कोलोरॅडो नदीच्या अज्ञात भागाचा शोध घेण्याची योजना आकारास आली.

कोलोरॅडो नदीची मोहीम

त्या वेळच्या नकाशांवर कोलोरॅडो नदीच्या खोऱ्याचा मोठा भाग कोरा होता. २४ मे, इ.स. १८६९ रोजी पॉवेल आणि त्यांचे ९ सहकारी ४ लाकडी नावांतून वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर स्टेशन येथून निघाले. सहकाऱ्यांत त्यांचे बंधू वॉल्टर, तसेच काही शिकारी आणि माजी सैनिक होते. त्यांनी १० महिन्यांची शिधासामग्री बरोबर घेतली होती.

जून महिन्यात लोडोर कॅन्यनमधील खडकाळ प्रवाहात 'नो नेम' ही नाव फुटली आणि तिच्यातील अन्न व उपकरणे वाहून गेली. जुलैमध्ये फ्रँक गुडमन हे सहकारी मोहीम सोडून गेले. जेथे प्रवाह धोकादायक असे, तेथे नावा काठावरून दोराच्या साहाय्याने खाली सोडाव्या लागत किंवा सामानासह खांद्यावर वाहून न्याव्या लागत. पॉवेल मात्र खडकांची व उंचीची मापे घेण्यासाठी एका हाताने कडे चढत. एकदा ते कड्यावर अशा जागी अडकले की त्यांना वर जाता येईना आणि खालीही उतरता येईना. तेव्हा जॉर्ज ब्रॅडली या सहकाऱ्याने अंगावरील लांब विजार काढून खाली सोडली आणि तिच्या आधाराने त्यांना वर ओढले.

१३ ऑगस्टच्या सुमारास मोहीम ग्रँड कॅन्यनमध्ये शिरली. तोपर्यंत शिधा संपत आला होता. उरलेले पीठ भिजून खराब झाले होते. २८ ऑगस्ट रोजी समोरचा प्रवाह पार करणे अशक्य आहे, असे वाटून ओरामेल हाउलंड, त्यांचे बंधू सेनेका हाउलंड आणि विल्यम डन यांनी मोहीम सोडली व ते पायी कड्यावर चढून गेले. पॉवेल आणि उरलेले ५ जण नावेने पुढे निघाले. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्ट रोजी, ते व्हर्जिन नदीच्या संगमापाशी सुखरूप पोहोचले. त्यांनी सुमारे १,६०० किमी अंतर पार केले होते. सोडून गेलेले तिघे पुन्हा कोणालाही दिसले नाहीत. पुढील वर्षी पॉवेल त्या भागात गेले असता, शिव्विट्स पायूट लोकांनी गैरसमजातून त्यांना ठार केल्याचे त्यांना सांगण्यात आले. मात्र या प्रकरणाविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

इ.स. १८७१-७२ मध्ये पॉवेल यांनी दुसरी मोहीम काढली. तिच्यातून अधिक अचूक नकाशे आणि छायाचित्रे मिळाली. इ.स. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात त्यांनी दोन्ही मोहिमांतील घटना पहिल्याच मोहिमेत घडल्याप्रमाणे एकत्र गुंफल्या आणि दुसऱ्या मोहिमेतील सहकाऱ्यांचा उल्लेख टाळला. याबद्दल त्यांच्यावर टीका झाली.

शुष्क प्रदेशाचा अहवाल

इ.स. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे वस्ती करून शेती करणाऱ्या कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे. हे क्षेत्र पूर्वेकडील पावसाळी प्रदेशास अनुरूप होते. पश्चिमेकडे नांगरट सुरू झाली की पाऊसही वाढतो, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती आणि रेल्वे कंपन्या व जमिनीचे व्यापारी तिचा प्रसार करीत.

इ.स. १८७८ मध्ये सादर केलेल्या शुष्क प्रदेशाविषयीच्या अहवालात पॉवेल यांनी ही समजूत अमान्य केली. साधारणपणे १०० अंश पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे वार्षिक पर्जन्यमान २० इंचांपेक्षा कमी असून तेथे सिंचनाशिवाय शेतीची शाश्वती नाही, असे त्यांनी दाखवले. यूटामधील सिंचनयोग्य जमीन एकूण क्षेत्राच्या तीन टक्क्यांहूनही कमी असल्याचा अंदाज त्यांनी मांडला. सिंचनाच्या शेतीसाठी ८० एकर आणि चराईसाठी २,५६० एकर अशी क्षेत्रे असावीत, जमिनीच्या सीमा चौकोनी न आखता प्रत्येकास पाणी मिळेल अशा आखाव्यात, पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला असावा आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाण्याचे व्यवस्थापन करावे, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. एखाद्या कंपनीने पाणी ताब्यात घेतल्यास जमीनधारक तिचा अंकित होईल, ही भीती या शिफारशींमागे होती. काँग्रेसने त्यांच्यावर आधारित कायदे केले नाहीत.

सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद

इ.स. १८७९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. पहिले संचालक क्लॅरेन्स किंग यांच्यानंतर इ.स. १८८१ मध्ये पॉवेल यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या कारकिर्दीत संपूर्ण देशाच्या स्थलदर्शक नकाशांचे काम सुरू झाले.

दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर इ.स. १८८८ मध्ये काँग्रेसने त्यांच्याकडे सिंचन सर्वेक्षणाचे काम सोपवले. त्यासाठी न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे रिओ ग्रांदे नदीवर प्रवाहमापन केंद्र उभारण्यात आले. इ.स. १८८९ मध्ये माँटानाच्या घटना परिषदेत पॉवेल यांनी परगण्यांच्या सीमा पाणलोट क्षेत्रांनुसार आखण्याची सूचना केली. ती स्वीकारली गेली नाही. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत सिंचनयोग्य सरकारी जमिनीचे वाटप थांबल्याने पश्चिमेकडील राज्यांत असंतोष पसरला. नेव्हाडाचे सिनेटर विल्यम स्ट्युअर्ट त्यांच्या विरोधात उभे राहिले आणि इ.स. १८९० मध्ये काँग्रेसने या कामाचा निधी बंद केला.

इ.स. १८९३ मध्ये लॉस एंजेलस येथील सिंचन परिषदेत, खासगी मालकीत आलेल्या जमिनीलाच पुरेल इतके पाणी पश्चिमेत नाही, असे पॉवेल यांनी सांगितले. तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. पुढील वर्षी त्यांनी संचालकपदाचा राजीनामा दिला.

मानववंशशास्त्रातील कार्य

इ.स. १८७९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेत मानववंशशास्त्र विभाग स्थापन झाला. पॉवेल हे त्याचे पहिले संचालक होते व मृत्यूपर्यंत या पदावर राहिले. मूळनिवासी अमेरिकन समाजांच्या भाषा, कथा आणि चालीरीती यांची नोंद या विभागाने केली. इ.स. १८९१ मध्ये पॉवेल यांनी मेक्सिकोच्या उत्तरेकडील भाषांचे ५८ कुळांत वर्गीकरण प्रसिद्ध केले. मानवी समाज रानटी अवस्थेतून सुसंस्कृत अवस्थेकडे क्रमाने जातो, हे तत्कालीन मत त्यांनाही मान्य होते. मूळनिवासींना राखीव क्षेत्रांत वसवून शेतीकडे वळवावे, अशी शिफारसही त्यांनी केली होती. पुढील पिढीतील अभ्यासकांनी ही विचारसरणी नाकारली.

निधन आणि वारसा

२३ सप्टेंबर, इ.स. १९०२ रोजी मेन राज्यात पॉवेल यांचे निधन झाले. त्यांचे दफन आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत करण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष थियोडोर रूझवेल्ट यांनी सिंचन प्रकल्पांविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली होती. त्यातून निर्माण झालेल्या यंत्रणेने पुढे पश्चिमेतील नद्यांवर मोठी धरणे बांधली.

इ.स. १९२२ च्या करारानुसार कोलोरॅडो नदीचे पाणी ७ राज्यांसाठी वाटण्यात आले. वरच्या आणि खालच्या खोऱ्यास प्रत्येकी वार्षिक ७५ लाख एकर-फूट पाणी ठरले. परंतु हा हिशेब अधिक पावसाच्या वर्षांतील प्रवाहावर आधारित होता आणि नदीत सरासरीने तेवढे पाणी नसल्याचे नंतर दिसून आले. आज सुमारे ४ कोटी लोक या नदीवर अवलंबून आहेत. ग्लेन कॅन्यन धरणामुळे निर्माण झालेल्या जलाशयास 'लेक पॉवेल' असे नाव देण्यात आले आहे. पॉवेल यांनी नावेने पार केलेल्या घळईचा मोठा भाग या जलाशयाखाली गेला. इ.स. २०२३ मध्ये या जलाशयाची पातळी तो भरल्यानंतरच्या काळातील नीचांकावर पोहोचली होती.