ट्रकच्या छपरात लपलेला अँटेना आणि अल ग्रॉस यांची गोष्ट

तुमच्याकडे मेटल फ्रेमचा फोन असेल तर एकदा कव्हर काढून त्याच्या कडा नीट बघा. धातूच्या पट्टीत मध्ये मध्ये प्लास्टिकच्या बारीक रेघा दिसतील. त्या डिझाइनसाठी नसतात. बऱ्याच फोनमध्ये ती धातूची पट्टी हाच अँटेना असतो आणि त्या रेघांमुळे पट्टीचे तुकडे एकमेकांपासून वेगळे राहतात. म्हणजे तुमच्या फोनचा अँटेना लपलेला आहे, पण तुमच्या डोळ्यांसमोरच.

हे आठवायचं कारण म्हणजे अमेरिकन ट्रकचे व्हिडिओ. शनिवारी-रविवारी ते बघत बसायची मला सवय आहे. जुन्या ट्रॅक्टर-ट्रेलरवर दोन्ही आरशांजवळ दोन उंच काड्या डोलताना दिसतात. ते सीबी रेडिओचे अँटेना. नव्या, गुळगुळीत आकाराच्या काही ट्रकवर मात्र काहीच दिसत नाही. अँटेना कारखान्यातूनच छपरावरच्या फायबरच्या आवरणाच्या आत बसवून येतो. दिसायला मस्त, हवा अडत नाही, झाडाची फांदी लागून मोडायची भीती नाही. तरी ड्रायव्हर लोक कुरकुरतात की याची रेंज कमी आहे. बरेच जण पुन्हा बाहेर काडी लावून घेतात.

फोनमध्ये अँटेना लपतो आणि तरी चालतो, मग ट्रकमध्ये लपवला की का अडतं? उत्तर शोधता शोधता मी अल ग्रॉस या माणसापर्यंत पोचलो. रेडिओच्या जगात हे मोठं नाव आहे. मी ईएनटीसीला चार वर्षं काढली, पण हे नाव कधी कानावर आलं नव्हतं.

आधी सीबी म्हणजे काय ते बघू

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेला रेडिओचा पट्टा. सिम नाही, टॉवर नाही, महिन्याचं बिल नाही. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. त्या चॅनलवर आसपास जो असेल त्याला सगळं ऐकू जातं. फ्रिक्वेन्सी साधारण २७ मेगाहर्ट्झ. लहानपणी रिमोटची गाडी खेळला असाल तर तिच्या खाली किंवा रिमोटवर हाच आकडा छापलेला पाहिला असेल. तो आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोटीवरचा मुलगा

अल ग्रॉस यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९१८ रोजी कॅनडातल्या टोरांटोमध्ये झाला. वाढले मात्र अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये. नऊ वर्षांचा असताना अल घरच्यांबरोबर ईरी सरोवरात बोटीने फिरायला गेला होता. बोटभर हुंदडता हुंदडता तो रेडिओ ऑपरेटरच्या खोलीत जाऊन पोचला. ऑपरेटरने त्याला हाकललं नाही, ऐकू दिलं. तारेशिवाय दूरवरून येणारे सिग्नल ऐकून पोरगं कायमचं वेडावलं.

बाराव्या वर्षी त्याने भंगारातून आणलेल्या सामानावर घराच्या तळघरात रेडिओ स्टेशन उभं केलं. सोळाव्या वर्षी हॅम रेडिओचं लायसन्स मिळवलं. डब्ल्यू ८ पीएएल हा त्याचा कॉल साइन त्याने आयुष्यभर जपला.

१९३६ मध्ये ग्रॉस क्लीव्हलंडच्या केस स्कूल ऑफ अप्लाइड सायन्समध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला लागले. तेव्हाचा रेडिओ म्हणजे टेबलावरचा जड खोका. ग्रॉस यांना तो हातात घेऊन चालता चालता बोलायचं होतं.

छोटा रेडिओ हवा, तर छोटी लाट हवी

इथे थोडं गणित करू, सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. अँटेना नीट चालायला तो साधारण या लांबीच्या चौथ्या भागाएवढा लागतो. थर्ड इयरला मी हे सूत्र पाठ करून पास झालो. त्याचा अर्थ मात्र ग्रॉस यांच्या आयुष्याबद्दल वाचताना लागला.

फ्रिक्वेन्सी जितकी वर न्याल तितका अँटेना आखूड होतो. त्या काळात १०० मेगाहर्ट्झच्या वरच्या भागात फारसं कोणी जात नव्हतं, कारण तिथे चालतील असे छोटे पार्ट मिळणं कठीण होतं. ग्रॉस मुद्दाम तिकडेच गेले आणि पार्ट लहान करत राहिले. १९३८ मध्ये, विशीत असताना, त्यांचा हातात धरायचा वॉकी-टॉकी चालू झाला. त्याच सुमारास कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनीही तसंच यंत्र बनवलं होतं. त्यामुळे पहिला कोण यावर आजही वाद होतो. पण दोघंही एकाच दिशेने चालले होते, हे नक्की.

युद्ध आणि तीस वर्षांचं मौन

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तहेर संस्थेने ग्रॉस यांना बोलावून घेतलं. प्रश्न जीवघेणा होता. जर्मनांच्या ताब्यातल्या भागात उतरलेला हेर रेडिओवर बोलला, की जर्मन गाड्या सिग्नलचा माग काढत त्याच्या दारात पोचायच्या.

यावर जी यंत्रणा तयार झाली तिचं नाव जोन-एलिनॉर. ग्रॉस यांच्याबरोबर डेविट गोडार्ड आणि स्टीव्ह सिम्पसन यांचाही त्यात हात होता. हेराकडे हातात मावणारा रेडिओ, फ्रिक्वेन्सी साधारण २६० मेगाहर्ट्झ. वर सुमारे ९ किलोमीटर उंचीवर मॉस्किटो विमान घिरट्या घालायचं. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सरळ रेषेत आकाशात जातो, पण जमिनीवर घरं-झाडं-टेकड्यांत अडून लवकर विरतो. विमानाला स्पष्ट ऐकू यायचं, रस्त्यावरच्या माग काढणाऱ्या गाडीला जवळजवळ काहीच नाही. मोर्स कोडची टकटक नाही, सरळ बोलायचं. विमानात ते रेकॉर्ड व्हायचं.

१९४४ च्या शेवटी हॉलंडमध्ये आणि मग थेट जर्मनीतही ही यंत्रणा वापरली गेली. हेरांचे जीव ज्यावर अवलंबून होते ते काम ग्रॉस यांनी पंचविशीत केलं. पण ते गुप्त होतं, आणि १९७६ पर्यंत गुप्तच राहिलं. आपण छोटंसं ॲप बनवलं तरी रात्री स्टेटस टाकतो. या माणसाला आपलं सगळ्यात मोठं काम तीस वर्षं कोणाला सांगता आलं नाही.

आता सामान्य माणसासाठी

युद्ध संपता संपता अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, नागरिकांच्या रेडिओसाठी ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा बाजूला काढला. ग्रॉस यांनी कंपनी काढली आणि १९४८ मध्ये त्यांचा सेट या सेवेसाठी एफसीसीची मान्यता मिळवणारा पहिला सेट ठरला. एक लाखाहून जास्त सेट विकले गेले. मुख्य गिऱ्हाईक शेतकरी आणि तटरक्षक दल.

आता मघाचं सूत्र लावा. ४६५ मेगाहर्ट्झला चौथा भाग येतो सुमारे १६ सेंटिमीटर. खिशातल्या पेनापेक्षा थोडा मोठा. ग्रॉस यांच्या कल्पनेतला सीबी रेडिओ असा होता. अँटेना लपवायचा प्रश्नच नाही.

१९४९ मध्ये त्यांनी पेजरही बनवला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये तो वापरात आला. मग १९५६ मध्ये डॉक्टरांच्या एका संमेलनात त्यांनी तो दाखवला. वाटलं होतं, डॉक्टर उड्या मारतील. झालं उलटंच. वाजणाऱ्या डबीने पेशंट बिचकतील आणि आपल्या गोल्फमध्येही व्यत्यय येईल, अशी डॉक्टरांची तक्रार. आपल्याकडे पेजर पोचला तो नव्वदच्या दशकात.

टेलिफोन कंपन्यांकडेही ते गेले. तारेशिवायचा फोन करता येईल हे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते पटवून देत होते. बेल कंपनीला रस नव्हता, आणि बाकीच्यांना बेलची भीती होती.

१९५८ चा फाटा

ग्रॉस यांचे सेट चांगले होते, पण ४६० च्या वर चालणारं यंत्र बनवणं तेव्हा सगळ्यांनाच महागात पडायचं. म्हणून १९५८ मध्ये एफसीसीने हॅम लोकांकडचा २७ मेगाहर्ट्झचा पट्टा काढून घेतला आणि तिथे सीबीचे २३ चॅनल उघडले. खाली यंत्र स्वस्त, त्यामुळे भरपूर कंपन्या उतरल्या. सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असा सीबी शेवटी आला.

पण किंमत कमी झाली तसा अँटेना वाढला. ३०० भागिले २७ म्हणजे ११ मीटर, चौथा भाग पावणेतीन मीटर. आजचा सीबी ग्रॉस यांच्या कल्पनेतून निघाला, पण त्यांची हातात मावणारी लाट मागेच राहिली.

१९७३: डिझेल संपलं, सीबी पेटला

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं. पंपांवर रांगा लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आणणारा कायदा झाला. ट्रकवाल्याचं पोट किलोमीटरवर. डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत, पुढे रस्ता बंद आहे का, हे सगळं ते सीबीवर एकमेकांना सांगू लागले. आज आपण मॅपवर लाल रेघ बघतो ना, ते काम तेव्हा माणसांचे आवाज करत होते. मग घरगुती गाड्यांमध्येही सीबी आला. इतकी गर्दी झाली की १९७७ पासून चॅनल ४० करावे लागले आणि १९८३ मध्ये लायसन्सची अटच काढून टाकली.

यातलं ग्रॉस यांना काय मिळालं? जवळजवळ काहीच नाही. १९७१ पर्यंत त्यांच्या पेटंटची मुदत संपली होती. लाट आली ती दोन वर्षांनी. तेव्हा ते मोठ्या कंपन्यांमध्ये नोकरी करत होते. पेटंट टिकली असती तर आपण जगातल्या सगळ्यात श्रीमंतांत असतो, असं ते नंतर गमतीने म्हणायचे.

मग ट्रकमध्ये नेमकं अडतं कुठे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ट्रकची उंची ४.१ मीटरच्या आसपास मर्यादित असते. त्यावर पावणेतीन मीटरची काठी उभी केली तर पहिल्याच पुलाखाली तुटेल. म्हणून अँटेना आखूड करून त्यात तारेचं वेटोळं बसवतात. वेटोळ्यामुळे रेडिओला तो पूर्ण लांबीचा भासतो, पण ताकदीत तो पूर्ण लांबीची बरोबरी करत नाही.

छपरात लपवायचा तर आणखी तीन अडचणी. एक, लांबी अजून कमी होते. दोन, फायबरमधून लाट आरपार जाते हे चांगलं, पण अशा अँटेनाला खाली धातूचा पत्राही लागतो. तो पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो, आणि फायबरच्या छपराला तो नसतो. तीन, शेजारची धातूची चौकट आणि वायरी त्याचा सूर बिघडवतात.

सूर बिघडला की काय होतं? दोरीचं एक टोक भिंतीला बांधा आणि दुसरं झटका. लाट भिंतीवर आपटून परत येते. तसाच सिग्नल अँटेनातून बाहेर न पडता रेडिओकडे परत येतो. हे मोजायला एसडब्ल्यूआर मीटर असतो. आकडा दीडच्या आत असेल तर छान, तीनच्या वर गेला तर रेडिओ जळू शकतो. साध्या एएम सीबीला कायद्याने परवानगी फक्त ४ वॉटची. त्यातलेही परत आले तर बोलणार किती लांब?

तुमच्या फोनमध्ये हे जमतं, कारण फोन १८०० मेगाहर्ट्झसारख्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. तिथे चौथा भाग चार सेंटिमीटरच येतो. वर जा, अँटेना आपोआप लहान होईल, हे ग्रॉस यांनी १९३८ मध्ये ओळखलं होतं. सगळं जग त्यांच्या मागून तिकडे गेलं, फक्त त्यांच्या कल्पनेतून निघालेला सीबी खाली राहिला.

ग्रॉस शेवटपर्यंत काम करत राहिले. ॲरिझोनामध्ये ऑर्बिटल सायन्सेस या कंपनीत ते ऐंशी ओलांडल्यावरही इंजिनिअर म्हणून जात होते. २००० मध्ये त्यांना लेमेलसन-एमआयटीचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला ते गेले.

माझं एक फीचर एकदा दीड वर्ष पडून राहिलं, मग दुसऱ्या टीमने तेच बनवून वाहवा घेतली. तेव्हा मी महिनाभर तोंड पाडून फिरत होतो. ग्रॉस यांच्याबद्दल वाचल्यावर त्या महिन्याची थोडी लाज वाटली.

आता कव्हर परत लावायच्या आधी त्या प्लास्टिकच्या रेघांवरून एकदा बोट फिरवा. आणि तुमच्या घरी जुनी रिमोटची गाडी पडलेली असेल तर तिच्यावर २७ मेगाहर्ट्झ लिहिलंय का, ते बघून कमेंटमध्ये नक्की सांगा.