‘एकच प्याला’ आणि गडकरी

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. पुढे पुण्यात किर्लोस्कर नाटक मंडळीत राहून त्यांनी रंगभूमी आतून पाहिली. ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोद लिहिणाऱ्या या लेखकाने मद्यपानाला शोकांतिकेचा विषय केले.

सुधाकर हा बुद्धिमान वकील. न्यायालयातील खटक्यामुळे त्याची सनद काही काळ निलंबित होते आणि त्या तळमळीवर उतारा म्हणून तळीराम पहिला प्याला पुढे करतो. व्यसनाचे मूळ गडकरी दारूच्या गोडीत नव्हे, तर दुखावलेल्या अहंतेत शोधतात, हे त्यांचे मर्म होय. किंमत मात्र सिंधू मोजते. वकिलाची ही पत्नी दळणे दळून घर चालवते. अखेर नवऱ्याच्याच हातून तान्हे मूल दगावते. तिच्या सोशिकतेचे उदात्तीकरण आज खटकते, आणि खटकावेच. (तळीरामाची बायको गीता मात्र गप्प बसणारी नाही.) आर्यमदिरामंडळाचे प्रवेश तर इतके हसवतात, की प्रेक्षक नकळत तळीरामाच्या पंक्तीला जाऊन बसतो. हा दोष की नाटककाराचा डाव, याचा निर्णय सोपा नाही. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या बाजूस आहे.

नाटकातील पदे वि. सी. गुर्जरांनी रचली. क्षयाने जर्जर झालेले गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले. वय अवघे ३३. महिना उलटण्यापूर्वीच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास पहिला प्रयोग केला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते.