पेशी, विषाणू आणि डॉ. कमल रणदिवे

सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करून १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम. एस्सी. झालेली विद्यार्थिनी पुढे भारतीय कर्करोग संशोधनाच्या अग्रभागी असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसावे. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा. हुजूरपागेतून फर्ग्युसनला गेलेल्या मुलीने मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडले. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि पुढे मुक्काम मुंबईला हलला.

टाटा मेमोरियल रुग्णालयात विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळविली. कर्करोगाची प्रवृत्ती कमी-अधिक असलेल्या उंदरांच्या स्तनग्रंथी त्या पारखीत होत्या. उंदरांच्या मातेच्या दुधावाटे पिलांकडे कर्करोगकारक घटक जातो, हे जॉन बिटनर यांनी अमेरिकेत १९३६ मध्ये दाखविले होते. हा घटक म्हणजे एक विषाणू.

त्याचे वेगळेपण समजण्यासाठी दुसऱ्या टोकाचे उदाहरण पाहावे. ओठांवर फोड आणणारा हर्पिस (नागीण उठविणारा विषाणू त्याच्याच कुळातला) पेशीत शिरतो तोच हत्यार घेऊन. त्याने सोबत आणलेले एक प्रथिन पेशीचे संदेशक आरएनए कापत सुटते. ज्या चिठ्ठ्या वाचून पेशी प्रथिने घडविते, त्याच फाटतात. पुढे विषाणूचे आणखी एक प्रथिन नव्या चिठ्ठ्यांची जुळणीही रोखते. विषाणूच्या बहुतेक जनुकांना त्या जुळणीची गरजच नसते. धोक्याचा इशारा देणारी प्रथिनेही मग पुरेशी घडत नाहीत. कारखाना पेशीचा, माल विषाणूचा आणि अखेरीस पेशीचा मृत्यू. उंदरांतील विषाणू याच्या अगदी उलट वागतो. तो स्वतःचा मजकूर पेशीच्या गुणसूत्रांत गुंफतो आणि पेशी जिवंत ठेवून तिला बेबंद वाढू देतो. मला तर हा दुसराच अधिक कावेबाज वाटतो.

मग एकाच विषाणूचा सर्व उंदरांवर सारखा परिणाम का होत नाही? रणदिवे यांच्या कामाचे मर्म या प्रश्नात आहे. केवळ विषाणूकडे बोट न दाखविता आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी शोधला. या विषाणूच्या जनुकांची कळ संप्रेरकांनी दाबली जाते, हे पुढे रेणवीय जीवशास्त्राने स्पष्ट केले.

असे प्रश्न सोडविण्यासाठी पेशी शरीराबाहेर जगविता यायला हव्यात. ती विद्या त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. हेनरिएटा लॅक्स यांच्या पेशींपासून हीला ही पेशीमालिका १९५१ मध्ये घडविणारे ते हेच गाय. मायदेशी परतून रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील ती पहिली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राची धुराही त्यांनी वाहिली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघाची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली आणि १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात गेल्या आणि सत्यनिकेतन या संस्थेबरोबर आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करू लागल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.